थडग्यातला काळा मणी

मी जात्याच संशयी. भाजीवाल्याचा काटा, मोलकरणीची पिशवी, नवऱ्याचा फोन, कशावर म्हणून माझा विश्वास नाही. त्याच पायी फुटबॉल वर्ल्डकपच्या आधीच्या धामधुमीत मी एका माणसाला चोर ठरवलं होतं.

तेव्हा इथे आखातात जिकडेतिकडे रस्ते उखडलेले. एका नव्या रस्त्याच्या खोदाईत मध्ययुगाच्या सुरुवातीची काही थडगी लागली आणि त्यांतले मणी आमच्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे मुऐदर भागातला भाड्याचा व्हिला. दिवाणखान्यात लांबलचक टेबल, त्यावर ट्रे. लाल अकीकाचे, निळ्या काचेचे आणि बारीक काळे मणी. मी त्यांची नोंद करायची आणि रत्नागिरीचे एक भाई फोटो काढायचे. पन्नाशीचे, कामापुरतं बोलणारे. कमी बोलणारा माणूस मला आधीच खटकतो.

एका गुरुवारी ट्रेवर वाकले असताना माझं मंगळसूत्र वाढलं. काळे मणी टेबलावर, फरशीवर, ट्रेभोवती, सगळीकडे. नवरा भर समुद्रात गॅसच्या प्लॅटफॉर्मवर. माझ्या काळजात धस्स झालं. भाईंनीही टेबलाखाली शिरून मणी वेचून दिले. घरी जाऊन मी आधी ते ओवले, गळ्यात घातले, मग चहा टाकला.

रविवारी ऑफिसात मोजणी झाली तर थडग्यातला एक काळा मणी कमी. आमच्या पुरातत्त्ववाल्या मॅडमनी विचारलं, तशी मी सांगून मोकळी झाले, "गुरुवारी भाई टेबलाखाली होते." मीही मणी वेचलेच होते की! पण माझे मणी मी ओळखत नाही का?

भाईंना बोलावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि झटकन मान खाली घातली. "मी घेतला नाही," एवढंच म्हणाले. बघा, नजर देत नाहीत! खाई त्याला खवखवे, मी मनात म्हटलं. मॅडमनी त्यांना घरी बसवलं. गुरुवारपर्यंत मणी मिळाला नाही तर पोलीस आणि मग परत मायदेशी. खलास. खरं सांगते, मला जराही वाईट वाटलं नाही. उलट, आपली नजर कशी तयार आहे म्हणून मी दोन दिवस मिरवत होते.

बुधवारी संध्याकाळी लेक माझ्या मांडीवर पडून मंगळसूत्राशी चाळा करत होती. म्हणाली, "आई, दिस वन इज डर्टी."

"मराठीत बोल गं," म्हणत मी पाहिलं. बाकीचे मणी चकचकीत, हा एकच मातकट, भोकही वाकडं. पदरानं घासला, तरी तसाच. अगं बाई! कुणा मेलेल्या बाईचा मणी सहा दिवस माझ्या गळ्यात! अंगावर काटा आला. पण भाई आठवले तेव्हा मात्र मी तो मणी तडक सुटा केला.

सकाळी मणी मॅडमपुढे ठेवला, सगळं कबूल केलं, पोटभर बोलणी खाल्ली. तशीच टॅक्सी करून उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावात भाईंच्या खोलीवर गेले. भाई बॅग भरत होते.

"भाई, मणी मिळाला. माझ्याच गळ्यात होता. आणि तुमचं नावही मीच घेतलं होतं."

"माहीत आहे, वहिनी. मणी मला रविवारीच दिसला. रोज कॅमेऱ्यातून तेच तर बघतो."

मी भडकलेच. "मग बोलला का नाहीत? तोंड शिवलं होतं का तुमचं?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "काय बोलणार? परक्या बाईच्या गळ्याकडे बघत होतो म्हणून सांगू? आणि साहेब तिकडे समुद्रावर. अशा वेळी मंगळसूत्र काढा, असं माझ्या तोंडानं म्हणू?"

त्यांची रोजीरोटी चालली होती, आणि ते माझ्या कुंकवाला जपत बसले होते.