ताई, हा मेल खरा हाय का?

आमच्या पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कॉम्प्युटरचं सगळं मी बघते. एकदा कुणीतरी खोट्या मेलमधली लिंक दाबली आणि आख्खं ऑफिस दोन दिवस ठप्प! तेव्हापासून साहेबांची ऑर्डर: 'शंका आली की आधी ताईला दाखवा.' मग काय, माझ्या टेबलावर मेल कमी आणि किस्सेच जास्त साठायला लागले.

*

पहिले आले डिस्पॅचचे शकीलभाई. संशयास्पद मेलची चक्क प्रिंट काढून आणली होती. कागद चिमटीत, अंगापासून लांब धरलेला!

"अहो, स्क्रीनवरच दाखवायचा ना!"

"व्हायरसवाला असला तर? म्हटलं, आधी मशीनच्या बाहेर काढू!"

*

जोशीबाई रिटायरमेंटला आलेल्या. त्यांना बँकेच्या नावानं मेल आला: 'प्रिय ग्राहक, तुमचं खातं आज बंद होईल.' मी पाठवणाऱ्याचा पत्ता तपासेपर्यंत बाईंनी तो डिलीटसुद्धा केला.

"इतक्या पटकन कसं ओळखलंत?"

"तीस वर्षं त्या बँकेत जातेय. एकदाही कुणी 'प्रिय' म्हटलं नाही!"

*

मग मी सगळ्यांची परीक्षाच घेतली. साहेबांना आधी सांगून एक खोटा मेल पाठवला, 'दिवाळीची भेट निवडायला इथे क्लिक करा.' पाच मिनिटांत पहिलं क्लिक. साहेबांचं!

"साहेब, तुम्हाला तर माहीत होतं!"

"हो गं. पण म्हटलं, चुकून खरंच असलं तर?"

*

आणि कोल्ड स्टोरेजचे निवृत्तीभाऊ. कमी बोलणारा माणूस. मुलीनं त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून सहा वर्षं अबोला. एके सकाळी दारात उभे राहिले. ऑफिसच्या मेलवर त्यांच्या नावानं आलं होतं: 'अण्णा, मी मनीषा. तुम्हाला नात झालीय. फोटो खालच्या लिंकवर आहे. आजच उत्तर द्या.'

"ताई, हा मेल खरा हाय का?"

अनोळखी पत्ता, घाई, शिवाय लिंक. खोट्या मेलची सगळी लक्षणं! पण त्यांच्याकडे बघून 'खोटा' म्हणवेना.

"नंबर आहे तिचा?"

"व्हता. मीच काढून टाकला."

"मग फक्त तिलाच माहीत असेल असं काहीतरी विचारा. लिंक दाबू नका."

बराच वेळ विचार करून त्यांनी एका बोटानं टाइप केलं: 'आपल्या शेळीचं नाव काय व्हतं?'

दुपारपर्यंत ते तीनदा डोकावून गेले. चौथ्यांदा आले तेव्हा उत्तर आलं होतं. मीच वाचून दाखवलं.

'शेळी कुठे होती आपल्याकडे, अण्णा? गाय होती, चांदी. मुद्दाम चुकीचं विचारलंत ना? पाढे विचारतानाही असंच फसवायचात.'

निवृत्तीभाऊंनी टोपी काढली, डोळ्यांवरून फिरवली.

"मेलचं मला काय कळत नाय, ताई. पोरगी माझीच हाय. दाबा ती लिंक."