दहा अमिनो आम्लं आणि यशोधरा

यशोधरा गांगुर्डे आमच्या उल्हासनगरच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होती. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या धुता धुता तिनं बी.एस्सी. केलं आणि चाळिशीत एम.एस्सी.ला नाव घातलं. संस्थेनं परवानगी दिली ती एकदाच. २००७ साली प्रकल्पासकट पास व्हायचं, नाहीतर शिक्षण बंद. तिची मार्गदर्शक मी, वृंदा. मला हट्टी विद्यार्थी आवडत नाहीत, आणि ही बाई हट्टीपणात माझीही गुरू निघाली.

विषय तिनंच निवडला होता. पृथ्वीवर पहिली प्रथिनं कशी बनली असतील? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ज्वालामुखीच्या आसपास तापावीत तशी कोरडी आम्लं तापवली, तर ती आपली आपण जोडली जातात का, हे पाहायचं. परदेशात असे प्रयोग पूर्वी झाले होते, आमच्याकडे कुणाला सुचलं नव्हतं. सजीवांच्या प्रथिनांत वीस प्रकारची अमिनो आम्लं असतात. म्हणून मी फर्मान काढलं, वीसच्या वीस सारख्या प्रमाणात घे आणि एकदम तापव.

"पण मॅडम, तेव्हा वीस कुठून असणार?" ती म्हणाली.

"आता तू मला शिकवणार?"

बिचारीनं ऐकलं. काचपात्रात काळाकुट्ट कोळसा झाला आणि सडक्या अंड्यांचा वास कॉलेजभर पसरला. उल्हासनगरच्या नाकांना कारखान्यांच्या वासाची सवय आहे, तरी कँटीनचे सिंधी काका नाक धरून वर आले. "मॅडम, कुछ मर गया क्या इधर?" तोंडी परीक्षेला तीन आठवडे उरले होते. मी यशोधरावर नको तेवढी ओरडले. माझं बोलणं संपेपर्यंत ती शांतपणे काचपात्र खरवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासमोर कागद ठेवला. वीस नावांतली दहा लाल पेनानं खोडलेली.

"ही उरलेली दहा उल्केत सापडतात. वायूत ठिणगी पाडली तरी बनतात. बनायला सजीव लागतच नाही त्यांना. खोडलेली, म्हणजे गंधकवाली आणि अणूंच्या मोठ्या कड्यांची, मागनं आली असतील. पहिल्या प्रथिनानं जे होतं त्यातच भागवलं असणार ना?"

"आणि जळलं तर?"

"सगळं एकदम टाकलं म्हणून जळलं. चिक्कीला आपण आधी गूळ वितळवतो, मग दाणे टाकतो. मी आधी ग्लुटामिक आम्ल वितळवते, मग बाकीची त्यात."

मी कपाळाला हात लावला, पण या वेळी अडवलं नाही. तापल्या तेलात काचपात्र ठेवून पूर्ण सहा तास ती तिथून हलली नाही. आत पिवळसर, चिकट गोळा तयार झाला. तो धुऊन, गाळून तिनं त्यावर मोरचूद आणि अल्कलीचे थेंब टाकले. द्रावण जांभळं झालं. म्हणजे आम्लं जोडली गेली होती! ती ओरडली, आणि खरं सांगते, मीही ओरडले.

परीक्षेला बाहेरून शरदचंद्र सर आले, तिरकस प्रश्नांसाठी प्रसिद्ध. यशोधरानं तो पदार्थ मिठाच्या गरम पाण्यात विरघळवून हळूहळू थंड होऊ दिला आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सर वाकले ते बराच वेळ वरच येईनात. आत हजारो इवले गोल तरंगत होते.

"याला जीव म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. आजच्यासारखं नीट प्रथिनही नाही. पण दहांत साखळी होते, आणि ती अशी एकत्रही येते. एवढंच मी सांगते, जास्त नाही."

सर माझ्याकडे वळले. "वीसमधली दहा वगळायची कल्पना तुमची?"

हो म्हणणं फार सोपं होतं. यशोधरा मला खोटं पाडणार नव्हती.

"माझी कल्पना वीसची होती," मी म्हणाले. "माझंच ऐकत बसली असती तर आज तुम्हाला कोळसा दाखवला असता."

सर खो खो हसले आणि त्यांनी वर्गातले सर्वांत जास्त गुण तिच्या नावापुढे लिहिले.

तिचा नवरा राजेंद्र अंबरनाथच्या एमआयडीसीत कारखान्यात पहिल्या पाळीला होता. ऑफिसातल्या फोनवरून तिनं त्याला गाठलं. मशीनच्या आवाजात त्याला काही ऐकू येईना, तेव्हा ती अख्ख्या कॉलेजला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो, पास झाले! पहिली आले! आणि मॅडम चुकल्या होत्या!"

प्राचार्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.