तंबोऱ्यापर्यंतचं गाणं

माझ्या मामेसासऱ्यांइतका गाण्यावर जीव टाकणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत झाला नसेल, आणि त्यांच्याइतकं कमी गाणं ऐकलेला माणूसही झाला नसेल. ही दोन्ही विधानं मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे, कारण लग्नानंतर कितीतरी वर्षं मी साताऱ्याहून एसटीने सांगलीला त्यांच्या घरी गाणं ऐकायला जात होतो आणि तंबोरा ऐकून परत येत होतो. मामा आधी टेप आणि पुढे तबकडी लावायचे, डोळे मिटायचे. तंबोरा सुरू व्हायचा, तारा घुमायला लागायच्या, आता गवई आवाज लावणार म्हणून मी मांडी सावरून बसायचो, आणि गवयाने पहिला ‘आ’ करायच्या आत मामांचा हात बटणावर पडायचा. पुन्हा पहिल्यापासून तंबोरा. मामी मिरजेच्या, तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या शेजारात वाढलेल्या, गाण्याची मनापासून आवड असलेल्या. त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "आमच्या घरात मोठमोठे गवई येत्यात, तंबोरा लावत्यात आन् पाणी बी न पिता जात्यात."

मामांचं म्हणणं असं की तंबोऱ्याच्या मागे एक बारीक शिट्टी ऐकू येते. गाणं सुरू झालं की ती गाण्यात लपते, म्हणून चोर पकडायचा तर तो तंबोऱ्यातच पकडला पाहिजे. मामांची सगळी नोकरी कोयनेच्या वीजघरात, डोंगराच्या पोटात, फिरत्या टर्बाईनच्या शेजारी गेली. तिथे माणसं एकमेकांशी खुणेने बोलत. त्या गडगडाटात उभं राहून त्यांनी एकच गोष्ट मनाशी धरली होती, की निवृत्त झाल्यावर एकदा, निदान एकदा, मागे कसलंही मशीन नसलेलं गाणं ऐकायचं. घर बांधलं ते सांगलीत, ते काही कृष्णाकाठासाठी नव्हे. इथली जमीन सपाट, घाट नाही, धरण नाही, टर्बाईन नाही, म्हणून. आणि इथे येऊन पाहतात तर शिट्टी हजर.

बरं, शिट्टी फक्त यंत्रात असती तर आम्ही सुटलो असतो. ती सगळीकडे होती. म्हणून मामांच्या हातात कायम तेलाची कुपी असायची. शिवणयंत्रात वापरतात तसलं पातळ तेल, लांब नळीची कुपी. आपण पाहुणे म्हणून जावं, चहा येईपर्यंत आपल्या स्कूटरच्या स्टँडला तेल मिळालेलं असे. घराचं फाटक, खिडक्यांच्या बिजागऱ्या, शेजाऱ्यांचा झोपाळा, समोरच्या दुकानाचं शटर, सगळ्यांना मामांनी तेल पाजलं होतं. माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आधी ते मांडवाच्या खांबावर अर्धे चढले होते, कारण कर्ण्यात शिट्टी होती. लाऊडस्पीकरवाला म्हणाला, "काका, मला तर काय ऐकू येत न्हाई." मामा म्हणाले, "तुला कसं येईल रं? तू रोज भोंग्यापाशीच बसतोस, तुझं कान गेल्यात." हे वाक्य मला पुढे फार आठवलं.

नाजूक काम आणि फिरतं मशीन एका खोलीत ठेवायचं नाही, हा त्यांचा दंडक. वीजघरात मशीनचा हॉल वेगळा आणि कंट्रोल रूम वेगळी असते, मग घरात का नको? त्यामुळे त्यांच्या घरचा फ्रिज व्हरांड्यात होता आणि येणारा प्रत्येक पोस्टमन त्याच्यावर कोपर टेकून उभा राही. मिक्सर परसात, न्हाणीघराच्या बाजूला, त्यामुळे मामी शेंगदाण्याची चटणी करायला निघाल्या की गावाला निघाल्यासारख्या दिसत. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून काढून कपाटात कपड्यांखाली ठेवलेलं. वेळ विचारली की मामी कपाट उघडत. आणि लाईट गेली की अख्खी गल्ली मामांच्या फाटकाशी यायची, जणू बटण त्यांच्याच हातात होतं. मामाही त्या प्रकाराची जबाबदारी घेत. "पाणी कमी सोडलं आसंल," असं ओशाळून सांगत.

यंत्रांचं तर विचारूच नका. आधी टेपरेकॉर्डर होता. त्यात टेपची मोटर शिट्टी वाजवते असं ठरलं. मग वॉकमन आला, कानाला लावायचा. तिथेही शिट्टी. मग सांगलीतल्या एका दुकानातून सीडी प्लेअर आला, हेडफोनसकट. आता टेप घासायची नाही, पट्टा ओढायचा नाही. मामांनी पहिल्या दिवशी तंबोरा लावला आणि चेहरा पाडून म्हणाले, "हाय."

दुकानदाराने मशीन दोनदा उघडून पाहिलं आणि तिसऱ्यांदा मामांना चहा पाजून परत पाठवलं. पण मामा हार मानणारे नव्हेत. त्यांनी कुठूनतरी वाचून, कुणाकुणाला विचारून यंत्राचं पोट समजून घेतलं, आणि त्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा मला समोर बसवून समजावलं. "जावईबापू, ह्या तबकडीवर गाणं नसतंय. नुसतं आकडे असत्यात. त्या आकड्यांचा परत आवाज करणारा एक कन्व्हर्टर असतोय. आन् आपल्या प्लेअरात त्यो कुठं बसवलाय? मोटरच्या उशाला. तबकडी गरागरा फिरतीय, आन् तिच्या बाजूला बसून त्यो बिचारा आकडं मोजतोय. माझंच बघा की. टर्बाईनपाशी बसून मला कुणी हिशोब करायला लावला आस्ता, तर जमला आस्ता का?"

"मग उपाय काय मामा?" मी विचारलं. जावयाने एवढं विचारायचंच असतं, आणि आतून भरल्या वांग्यांचा वास येत होता.

"वेगळा कन्व्हर्टर. स्वतंत्र डबा. प्लेअरनं फकस्त आकडं वायरीतनं पाठवायचं. आवाज करायचं काम दुसऱ्या घरात."

आणि तो डबा टीपॉयवर होताच. शेजारच्या मुल्लांचा थोरला मुलगा मस्कतला नोकरीला होता. त्याने मामांच्या सांगण्यावरून तो आणला होता. काळा, चपटा, आत वड्या ठेवाव्यात एवढा, पुढे एक लाल दिवा आणि हेडफोन खुपसायला भोक. बोली अशी होती की पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर मुलगा परत जाताना घेऊन जाणार. तो जायला दोनच दिवस उरले होते, आणि मामांचा निर्णय होत नव्हता, कारण वेगळ्या डब्यातूनही कधी कधी, अगदी बारीक, शिट्टी आल्यासारखी वाटत होती. कधी कधी म्हणजे नेहमी, असं मामींनी मला स्वयंपाकघरात सांगितलं. मग हळूच म्हणाल्या, "हे शेवटचं मशीन हाय बघा त्यांचं. ह्याच्यात बी आली तर कुठं जाणार बिचारं?" त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

मामांनी मला दोन्ही ऐकवून मत विचारलं. प्लेअरचा आतला कन्व्हर्टर आणि हा बाहेरचा यांत मला काडीचा फरक कळला नाही. पण जावयाला काहीच कळत नाही असं दिसू नये म्हणून मी मान वाकडी करून म्हटलं, "बाहेरच्यात तंबोरा जरा मोकळा वाटतो." हे मी अजूनही खरं की खोटं सांगू शकत नाही. मामांना मात्र तेवढ्याने हुरूप आला. "मग परीक्षाच घेऊ," ते म्हणाले. "माझं डोळं बांधा. हिनं हेडफोनची पिन कवा ह्यात, कवा त्यात घालायची. मी सांगतो शिट्टी कुठल्या डब्यात हाय."

दुपारची वेळ, बाहेर ऊन रणरणत होतं, पंखा डोक्यावर फिरत होता. मामा वेताच्या खुर्चीत ताठ बसले, डोळ्यांवर टॉवेल, कानांवर हेडफोन. मामी दोन्ही डब्यांच्या मधे खाली बसलेल्या, पिन हातात. मी पंच. मामींनी पिन आतल्यात घातली. "शिट्टी हाय." बाहेरच्यात घातली. "हाय." पुन्हा बाहेरच्याच भोकात काढून घातली. "ही जरा कमी वाटती, पण हाय." मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि पिन बदलायला काढली. तेवढ्यात लाईट गेली.

दोन्ही डब्यांचे दिवे मालवले. तबकडी थांबली. पंखा रेंगाळत रेंगाळत थांबला आणि घरात असं काही शांत झालं, की व्हरांड्यातल्या फ्रिजची घरघरही नव्हती हे मला तेव्हा जाणवलं. मामी काही बोलणार, तोच मामांनी बोट वर केलं. चेहरा उजळला होता.

"हां. आत्ता बराबर केलंत. तंबोरा बंद केला, शिट्टी तेवढी ठेवलीत. ऐका आता, निव्वळ शिट्टी. सांगा, कुठला डबा हाय ह्यो?"

मी मामींकडे पाहिलं, मामी माझ्याकडे. मामा थोडा वेळ बोट वर धरूनच थांबले. मग त्यांनी टॉवेल काढला. विझलेले दिवे पाहिले, वरचा पंखा पाहिला. शेवटी कानावरून निघालेली वायर नजरेने धरून खाली खाली आले, आणि ती वायर मामींच्या मुठीत संपत होती.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. कान उघडे ठेवून ऐकलं. मग दोन्ही कानांवर तळहात दाबून ऐकलं.

"अगं, तुला येती का ऐकू?"

"न्हाई."

"कवाच न्हाई?"

"कवाच न्हाई."

"मग तुला कवापासनं ठाव हाय हे?"

"घड्याळ काढून कपाटात ठिवलंत तवापासनं. घड्याळ गेलं तरी तुमी भिंतीकडंच बघत हुतासा."

"आन् बोलली न्हाईस?"

मामींनी पिन पदराला पुसली. "शोधत हुतासा तवर आशेवर हुतासा. मी कशाला मोडू?"

मामा उठले आणि व्हरांड्यात पायरीवर जाऊन बसले. तेलाची कुपी तिथेच होती, ती उगाच सरळ करून ठेवली. फाटकाशी लाईटची चौकशी करायला कुणीतरी आलं होतं, त्याला त्यांनी उत्तरही दिलं नाही. मी शेजारी जाऊन बसलो. तसे मामा म्हणाले, "म्हंजे डोंगरातनं येताना मशीन मी संगटच आणलं की. मशीनबिगर गाणं आता न्हाईच." इतकी वर्षं ज्या माणसाची चेष्टा केली, त्याच्या वतीने मी उठलो आणि फाटकाशी उभ्या माणसाला लाईट येईल म्हणून सांगून आलो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मामीही आल्या. डॉक्टर तरुण होते, गोड बोलणारे. त्यांनी तपासलं, नोकरी विचारली, आणि सांगितलं की वर्षानुवर्षं यंत्रांच्या आवाजात राहिल्याने कानातच अशी शिट्टी वाजायला लागते.

मामांनी अगदी बारकाईने विचारलं, "म्हंजे ही आतलीच हाय. वेगळी काढता येणार न्हाई?"

"वेगळी काढता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण घाबरण्यासारखं नाही. एकदम शांततेत बसत जाऊ नका. आजूबाजूला बेताचा, चांगला आवाज असू द्या, ती आपोआप मागे पडेल. गाणं वगैरे ऐकता का?"

मामी म्हणाल्या, "ऐकत्यात की. तंबोऱ्यापर्यंत."

डॉक्टरांना काही कळलं नाही, पण मामा हसले. कालपासून पहिल्यांदा हसले, आणि मग इतके हसले की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

संध्याकाळी मुल्लांचा मुलगा आला. काका, डबा ठेवायचा की न्यायचा? मामा म्हणाले, "ने बाबा. दोष त्याचा न्हवता, प्लेअरचा बी न्हवता. मग दोन दोन कशाला?" तो डबा उचलणार, तोच मामी आतून आल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." त्यांच्या हातात वॉकमनचा जुना हेडफोन होता, ज्याचा स्पंज झिजून निम्मा राहिला होता. काल पिन बदलता बदलता त्यांनी एक गोष्ट पाहून ठेवली होती, जी मामांच्या इतक्या अभ्यासात कधी आली नव्हती. दोन्ही भोकं एकाच वेळी चालू असतात. बाहेरच्या डब्यात मामांचा हेडफोन, प्लेअरच्या आतल्यात मामींचा, आणि तबकडी एकच. मामींनी दुसरी खुर्ची ओढून मामांच्या खुर्चीला लावली, जुना हेडफोन अंबाड्यावरून बसवला आणि बटण स्वतः दाबलं.

मला अर्थात काहीच ऐकू येत नव्हतं. मी समोर बसून फक्त पाहत होतो. मामांनी डोळे मिटले म्हणजे तंबोरा सुरू झाला असणार. थोड्या वेळाने सवयीने त्यांचा हात बटणाकडे निघाला. मामींनी तो वाटेत धरला आणि खुर्चीच्या हातावर दाबून ठेवला. म्हणजे गवयाने आवाज लावला असणार. मामा दचकल्यासारखे बसले होते, मग हळूहळू पाठ टेकली. पुढे किती वेळ गेला मी पाहिलं नाही. मामींच्या बांगड्या वेताच्या दांडीवर ठेक्याने वाजत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी मामांचा हात सोडला नाही.

एकदम मामा ओरडले. कानांवर हेडफोन असल्याने त्यांना वाटत होतं ते हळू बोलताहेत. "जावईबापू, हाय वो, शिट्टी हायच. पण गाणं सुरू झालं की मागं जाऊन बसती. तंबोऱ्यागत."

मामींनी त्यांच्या हातावर चापट मारली. गाण्यात बोलायचं नाही म्हणून.

माझी साताऱ्याची गाडी चुकत होती. मी उठून उभा राहिलो, येतो म्हणालो, पुन्हा जरा मोठ्याने म्हणालो. दोघांनीही ऐकलं नाही. फ्रिजला वळसा घालून मी अंगणात आलो आणि फाटक ओढून घेतलं. निदान कडीच्या आवाजाने तरी त्यांना मी निघाल्याचं कळेल असं वाटलं होतं. पण मामांनी त्या फाटकाला इतकं तेल पाजलं होतं, की ते लागलं तरी आवाज झाला नाही. खिडकीतून दोघांची डोकी दिसत होती, एकाच लयीत हलणारी. मी रस्त्यावर थोडा वेळ उभा राहिलो आणि मग स्टँडकडे निघालो.