मामाच्या गुडघ्याचं शीड

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकले होते. "गेले गं नंदे..." एवढंच मामी म्हणाली. डोंबिवलीला पोचेपर्यंत मी रडत होते, आणि खरं सांगायचं तर निम्मं रडणं मामासाठी नव्हतं, माझ्या स्वतःच्या भिकार वागण्यासाठी होतं.

मामानं खोपटच्या डेपोत जन्मभर बसगाड्या दुरुस्त केल्या. विकतच्या वस्तू तो दोन बोटांनी उचलायचा, मेलेलं झुरळ उचलावं तशा. माझ्या रेवाला शाळेच्या प्रदर्शनासाठी वाऱ्यावर चालणारी गाडी करायची होती, तेव्हा मात्र स्वारी खूश. चार रविवार दोघं त्याच्या गॅलरीत ठाण मांडून बसले. चाकांना औषधाच्या बाटल्यांची झाकणं, आसाला छत्रीची काडी आणि शीड म्हणून मामाच्याच गुडघ्याचा जुना एक्स-रे! टेबलफॅन लावला की गाडी वाकडी जायची, पण जायची. रेवा नाचायची.

आणि मी? रेवाच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन म्हणजे आयांची हौस. मुलं शेजारी उभी राहून पाठ केलेलं बडबडतात. आयांच्या ग्रुपवर चकाचक मॉडेलांचे फोटो यायला लागले आणि मला त्या गुडघ्याची लाज वाटायला लागली. आदल्या दिवशी मी दुकानातून वाऱ्यावर चालणारी तयार गाडी आणली आणि रेवाला दटावून तीच टेबलावर मांडली. पोरीनं मामाची गाडी टेबलाखाली ठेवून दिली.

मामा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात तेलाची बुधली घेऊन प्रदर्शनाला आला. टेबलावरची गाडी पाहून त्यानं बुधली खिशात आणखी खोल सरकवली. तेवढ्यात परीक्षक आले, आणि वीज गेली. पंखा थांबला... आमची गाडी मात्र सुरूच! पोटात सेल होता. मी बाईसाहेबांनी ती उलटी करून बघायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. परीक्षक तर अकलेचे कांदेच. "वा! वारा नसतानाही चालते!" म्हणाले, आणि पहिला नंबर देऊन मोकळे झाले. सगळ्या सुशिक्षितांनी टाळ्या पिटल्या.

"नंदे," मामा म्हणाला, "पोरीला बक्षीस मिळालं. तिला खोट्याच्या शेजारी उभं राहायला शिकवलंस, त्याचं तूही घे एखादं."

टेबलाखालची आपली गाडी उचलून तो गेला, त्यानंतर आमच्याकडे आला नाही. चुकले म्हणायला मला डोंबिवलीपर्यंत जायचं होतं फक्त. तेवढंही जमलं नाही.

परवा रेवाला घेऊन मामीकडे गेले. गाडी टीव्हीशेजारी होती, धुळीचा कण नव्हता तिच्यावर. "रोज पुसायचे," मामी म्हणाली, "आसाला तेल घालायचे." रेवानं गाडी फरशीवर ठेवली, पंखा लावला. एक्स-रे थरथरला आणि गाडी वाकडी वाकडी जात माझ्या पायाशी येऊन थांबली. मी उचलायला वाकले.

"उलटी करून बघू नकोस, आई," रेवा म्हणाली. "सेल नाहीये तिच्यात."

स्वर थेट मामाचा होता.