वडाची पहिली फांदी

आमच्या नगरच्या बोन्साय मंडळाचा मी एकवीस वर्षं सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा माणूस. हॉल ठरवा, खुर्च्या पुसा, सभासदांच्या हातापाया पडा, आणि परदेशातून आलेल्या पत्रांना इंग्रजीत उत्तरं द्या. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. माझं इंग्रजी दोन वाक्यांत धापा टाकायला लागतं.

आमचं मंडळ एका जागतिक संघटनेला जोडलेलं होतं. सुरुवातीला तिकडून दर तीन महिन्यांनी एक मासिक यायचं. ते आलं की सगळे सावेडीत आमच्या घरी जमायचे आणि चित्रं बघत बसायचे. बर्फ पडण्याआधी झाडाची मुळं झाका, असले सल्ले त्यात असत. नगरमध्ये बर्फ दिसतो तो रसवंतीवर, त्यामुळे आम्ही पोट धरून हसायचो. त्यांनी सांगितलेली माती मिळणं तर शक्यच नव्हतं. आम्ही विटांचा चुरा आणि मुरूम चाळून घेतला, त्यात शेणखत घातलं, आणि झाडं जगली. संगमनेर, श्रीरामपूर, कर्जतहून लोक यायला लागले. प्रदर्शनाला शाळांच्या सहली येत. फार बरं वाटायचं तेव्हा, खोटं कशाला बोलू.

मग संघटना मोठी झाली. नवे देश आले, आणि त्यांच्याबरोबर फॉर्म आले. मासिक बंद पडलं, त्याच्या जागी पोर्टल आलं. दर महिन्याला पासवर्ड बदला, प्रत्येक झाडाची नोंद करा, चारी बाजूंनी फोटो चढवा. माझ्या नाकी नऊ आले. इकडे आमचे जुने सभासद एकेक करून गळत होते. कुणाचे गुडघे गेले, कुणी मुलाकडे पुण्याला गेलं. नव्यांचं म्हणाल तर तेरड्याचा रंग तीन दिवस. कार्यशाळेला यायचे, जेडचं रोप घेऊन जायचे, स्टेटसला फोटो टाकायचे, आणि दोन महिन्यांनी फोन, "सर, वाळलं हो." वाळणारच! झाडाला काय स्टेटस पाजतोस का, बाबा?

संघटनेचा एक नियम होता. दरवर्षी प्रदर्शन भरवायचं, आणि त्यात पंचवीस वर्षांहून जास्त काळ कुंडीत वाढलेलं, तोल साधलेलं एक मुख्य झाड मांडून त्याचे फोटो पाठवायचे. लागोपाठ तीन वर्षं हे जमलं नाही की मान्यता रद्द. आमची दोन वर्षं कोरी गेली होती. पहिल्या वर्षी कुणी हात लावायला आलं नाही, आणि दुसऱ्या वर्षी मी दवाखान्यात होतो. हे तिसरं वर्ष. मंडळ मी सुरू केलं होतं, आणि ते माझ्याच हातून मरावं हे मला सहन होत नव्हतं. बाकी कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मुख्य झाड होतं माझा वड. खर्ड्याच्या शाळेत नोकरीला होतो तेव्हा मोरीच्या भिंतीत उगवलेलं रोप उपटून आणलं होतं. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बोन्सायमध्ये खोडाच्या सर्वांत खालच्या फांदीला पहिली फांदी म्हणतात. सगळ्या झाडाचा तोल तिच्यावर असतो. ही फांदी डावीकडे आडवी वळवायला मला एकोणीस वर्षं लागली. तार बांधायची, रुतायला लागली की सोडायची, पुन्हा बांधायची.

मी 'माझा वड' म्हणतो खरा, पण पाणी घालायची ती आमची ही. नगरच्या उन्हाळ्यात उथळ कुंडीला दिवसातून दोनदा पाणी लागतं, आणि नळाला पाणी यायचं एक दिवसाआड. ती तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा गच्चीवर घेऊन जायची.

गेल्या थंडीत माझ्या छातीत कळ आली आणि दोन स्टेंट बसले. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलायचं नाही, डोक्याला ताप करून घ्यायचा नाही. कॉटवर पडल्या पडल्या मी हिला शब्द दिला, "सेक्रेटरीपद सोडतो." घरी आल्यावर पंधरा दिवसांत मी पुन्हा फोनवर होतो. तिनं फक्त गोळ्यांची डबी माझ्यापुढे सरकवली. ती भांडते तेव्हा बरं असतं, गप्प बसली की मला धास्ती वाटते.

जूनमध्ये प्रदर्शन ठरलं. गच्चीवरून वड खाली आणून बघावा म्हणून मी कुंडी उचलली, आणि तिसऱ्याच पायरीवर मला घाम फुटला. मी तिथेच बसलो. ती धावत आली, कुंडी काढून घेतली आणि म्हणाली, "तुम्ही कबूल केलं होतं."

"एवढं प्रदर्शन होऊ दे गं."

"हे 'एवढं' मी एकवीस वर्षं ऐकतेय," ती म्हणाली, आणि कुंडी एकटीनं वर नेऊन ठेवली.

प्रदर्शनाला दहा दिवस राहिले होते. वटपौर्णिमा होती. सकाळी चहा घेऊन मी गच्चीवर गेलो आणि जागच्या जागी थिजलो. वडाची पहिली फांदी नव्हती. खोडालगत स्वच्छ काप होता, त्यावर हळद भरलेली, आणि कडेनं चीक ओघळून सुकलेला. मी जिन्यावरून कसा उतरलो ते आठवत नाही. खाली देवघरात तांब्याच्या कलशात ती फांदी उभी होती. तिला सूत गुंडाळलेलं, समोर आंबे, हळदकुंकू. ही हात जोडून बसली होती.

"अगं, काय केलंस हे!" मी ओरडलो. "बाजारात ढिगानं फांद्या मिळतात! सगळ्या जन्माची माती केलीस!"

तिनं डोळे उघडले नाहीत. मग मी नको ते बोललो. "इतकी वर्षं या घरात राहून कुठली फांदी तोडायची एवढीसुद्धा अक्कल आली नाही तुला?"

मी जेवलो नाही. तिचा तर उपासच होता.

कर्जतच्या एका शेतकऱ्याला फोन लावला. मंडळात मनापासून टिकलेला तो एकच. बागेतली डाळिंबाची जुनी खोडं कुंडीत वाढवतो. तो म्हणाला, "सर, दुसऱ्या अंगानं फिरवून ठिवा की. कुनाला कळतंय?"

मी तेही केलं. चारी बाजूंनी झाड फिरवून पाहिलं. कुठूनही पाहिलं तरी एक बाजू भकास दिसत होती. त्याची डाळिंबं कुंडीत येऊन आठच वर्षं झाली होती, ती नियमात बसत नव्हती. त्याला पुन्हा फोन करून हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "जाऊ द्या सर. मंडळ बुडालं तरी झाडं थोडीच बुडत्यात? लई केलंत तुमी."

संध्याकाळी मी कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. ही चहा घेऊन आली. माझा राग शमला नव्हता, पण ओरडायचं बळ संपलं होतं. मी विचारलं, "एक सांग मला. शेंड्याकडची फांदी घेतली असतीस तर पावसाळ्यात भरून आली असती. हीच का घेतलीस?"

"म्हणूनच," ती म्हणाली.

मला कळेना. तिनं कप खाली ठेवला.

"त्या झाडाला चाळीस वर्षं पाणी मी घालतेय. शेंड्याची कापली असती तर तुम्ही तार बांधून ते नेलंच असतं. ही गेली की प्रदर्शन होत नाही, एवढं मला समजतं. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता माझ्या. त्या झाडाचीही क्षमा मागितली मी." तिनं कप माझ्याकडे सरकवला. "सात जन्मांचं राहू दे हो. मला तुम्ही या जन्मात हवे आहात."

तिचा राग आला, दुसऱ्याच क्षणी माझी मलाच लाज वाटली. त्या पायरीवर मला घाम फुटला तेव्हा तिला काय दिसलं असेल, ते मी कधी विचारलंच नव्हतं. मी पोर्टल उघडलं. आमचं मंडळ यापुढे चालू ठेवता येणार नाही, असं माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'प्रकृती' असं लिहिलं आणि बटण दाबलं. ती खुर्चीमागे उभी होती.

"झालं?"

"झालं."

ती स्वयंपाकघरात गेली आणि मला रडू आलं. एकवीस वर्षांचं काम होतं ते. पण रडू येण्याच्या आधी, बटण दाबल्या दाबल्या, खांद्यावरून पोतं उतरावं तसं हलकं वाटलं होतं. हे मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही.