खिशातला मणी

प्रयोगशाळेत त्याला ठोकळेमास्तर म्हणत. नाव आपल्या डोक्याकडे बघूनच ठेवलं असणार, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. काम होतं खोट्या मांसाचे ठोकळे बनवण्याचं. जिलेटीन गरम पाण्यात विरघळवायचं, त्यात दूध आणि काळ्या शाईचे दोन थेंब घालायचे, आणि थिजता थिजता आत एक काळा मणी दडवायचा. मणी म्हणजे गाठ. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश ठोकळ्यात सोडून ती गाठ शोधायचा. पण खऱ्या मांसात पांगतो तसा प्रकाश इथेही सैरावैरा पांगायचा आणि पडद्यावर नुसता डाग उमटायचा.

"अठरा वर्षं मी लपवतोय आणि तुम्ही शोधताय," तो मॅडमना म्हणे. "लहान मुलं एवढ्यात कंटाळून जेवायला गेली असती."

मग मॅडमनी संगणकाला त्याचे दोनशे ठोकळे दाखवून धूसर चित्र साफ करायला शिकवलं. आणि काय सांगावं, मणी लख्ख दिसू लागला! गुरुवारी इस्पितळातल्या डॉक्टरबाई येणार होत्या. त्यांना पटलं की कॅमेरा थेट रुग्णांवर, आणि अहवालात पहिल्यांदाच मास्तरचं नाव. त्यानं सही सुधारायला घेतली होती.

बुधवारी सकाळी कपडे धुवायला टाकण्याआधी बायकोनं त्याच्या शर्टाचा खिसा तपासला.

"अहो, हा मणी कसला?"

मास्तरनं चहा बाजूला ठेवून मणी निरखला. काल त्यानं एकच ठोकळा केला होता. मणी खिशात, म्हणजे ठोकळा रिकामा. आणि त्याच ठोकळ्यात काल संगणकानं गोल गरगरीत मणी दाखवला होता. सगळ्यांत आधी टाळ्या यानंच वाजवल्या होत्या!

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मास्तर डावखुरा. दोनशेच्या दोनशे ठोकळ्यांत त्यानं मणी डाव्या कडेपासून दोन बोटांवरच ठेवला होता. संगणक आत काही बघतच नव्हता, मास्तरची खोड पाठ करून बसला होता.

"मणी घालून नवा ठोकळा करतो झालं," तो पुटपुटला. "कोणाला कळतंय?"

"गाठ नसताना जिला आहे म्हणून सांगाल, तिला कळेल," बायको म्हणाली. मागच्या वर्षी तपासणीच्या निकालाची वाट बघत तिनं आठ दिवस काढले होते. मास्तरला स्वतःची लाज वाटली. त्यानं चपला घातल्या आणि तडक प्रयोगशाळा गाठली.

"मॅडम, आपला कॅमेरा फारच हुशार झालाय," त्यानं मणी त्यांच्या टेबलावर ठेवला. "नसलेलंही दाखवतो."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग डॉक्टरबाईंना फोन करून तीन महिने मागून घेतले.

त्या तीन महिन्यांत मणी कुठे ठेवायचा हे मास्तरनं स्वतःवर सोडलं नाही. घरी बायको फासे टाकायची आणि तो आकडे लिहून न्यायचा. दोन्ही फाशांवर एकच आकडा पडला की ठोकळा रिकामा. संगणक पुन्हा पहिलीपासून शिकला.

डॉक्टरबाई आल्या. पहिल्या ठोकळ्यात मणी दिसला, पूर्वीइतका रेखीव नाही, पण होता तिथेच. दुसऱ्या वेळी त्या पडद्याकडे बघतच राहिल्या.

"यात मला काहीच दिसत नाहीये हो."

"नाहीच आहे, बाई," मास्तर म्हणाला. अठरा वर्षांत इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता. त्यानं खिशातून मणी काढून त्यांच्यासमोर ठेवला. "या खेपेला मुद्दाम राहिलाय."