खांबकाकांची बैठक

लग्नाच्या पंगतीत खांबकाका शेजारी येऊन बसले की समजायचं, आता आपली कोणाशी तरी ओळख होणार. डावीकडच्याला ते विचारत, "गाव कोणतं?" उजवीकडच्याला विचारत, "करता काय?" आणि भात वाढून होण्याच्या आत दोघांना एकमेकांच्या हवाली करून मोकळे होत. "हे देवरीचे, यांच्या विहिरीले पाणी नाही. हे सालेकशाचे, बोअर मारतेत. बोला आता!" गंमत म्हणजे त्या दोघांपैकी एकालाही काका पाच मिनिटांपूर्वी ओळखत नसत.

काका म्हणजे टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. सालेकसा-देवरीच्या जंगलातून तारा ओढण्यात त्यांची उमर गेली. लोकांनी त्यांना कायम खांबावरच पाहिलं, म्हणून हे नाव. आमगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं घर. पुढे तारा गेल्या, खांब गेले, काकाही घरी बसले. दुसरा कोणी असता तर दारात बसून उसासे टाकत राहिला असता. यांनी काय करावं? मुलाचा जुना कॉम्प्युटर धान्याच्या कोठीशेजारी फळीवर मांडला, त्याला इन्व्हर्टर लावला, बालाघाटच्या एका जुन्या सोबत्याला फोन करकरून भंडावलं आणि चक्क स्वतःचा सोशल मीडिया सुरू केला. नाव ठेवलं 'बैठक'.

मला वाटलं, म्हातारपणी खूळ लागलं. पण तेव्हा मला सगळ्यांबद्दलच असं काहीबाही वाटायचं. तीन वर्षांपूर्वी मला ताप आला आणि जाताना माझे कान घेऊन गेला. मी राइस मिलच्या ऑफिसात फोन घ्यायचे. बहिऱ्या बाईनं फोन काय घ्यायचा! मालकांनी हळहळत चहा पाजला आणि घरी पाठवलं. मुळात मी तिखट, त्यात हे. लोक एक तर कानाशी येऊन बोंबलायचे, नाहीतर माझ्या नवऱ्याला विचारायचे, "या चहा घेतील का?" अहो, मी समोर बसलेय ना! मोठ्या ॲपवर एकदा मन मोकळं केलं, तर खाली जोडलेल्या हातांची रांग, कानात घालायच्या तेलाची जाहिरात आणि कुठल्याशा बाबाचा पत्ता. मी फोन ठेवून दिला आणि कोणाकडे जाणंच सोडलं.

अशात एक दिवस खांबकाका घरी आले. ओठ वाचायला मी थोडंफार शिकले होते, पण काकांच्या तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्या गालातून काय वाचणार, कपाळ! शेवटी त्यांनी आमच्या घरातली पाटी ओढली आणि लिहिलं, "बैठकीत येतस का?" मी म्हटलं, तिथं वेगळं काय आहे? त्यांनी पाटी पुसून पुसून समजावलं. "मोठ्या ॲपवर सारी दुनिया एकाच मालकाच्या घरी राह्यते. कोणासंग बोलाचं तेही तोच ठरवते. आमचं तसं नाही. हे माझं घर, बालाघाटवाल्याचं त्याचं, अशी लय घरं आहेत. पण मंधात रस्ता आहे. इथं बसून तिथल्या माणसासंग बोलता येते."

बैठकीत शिरायचा एकच नियम होता. आपलं गाव सांगायचं आणि ज्याचं उत्तर आपल्याला खरोखर ठाऊक नाही असा एक प्रश्न लिहायचा. फोटो नको, पदवी नको. काका म्हणत, "ज्याले कोणाले काही विचाराचंच नाही, तो माणसात येऊन करन काय?" नागझिऱ्याच्या एका गाइडनं विचारलं होतं की पर्यटकांना कंटाळा आला हे त्यांच्या आधी कसं ओळखावं. मी चिडून लिहिलं, "ज्याला ऐकू येत नाही त्यानं लग्नात जाऊन काय करावं?" म्हटलं, द्या आता उत्तर.

चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी बालाघाटच्या घरातून कांता नावाच्या बाईचं उत्तर आलं. कांता शिवणकाम करते आणि जन्मापासून बहिरी आहे. तिनं लिहिलं होतं, "मैं तो परोसती हूँ, दीदी. भाताचं पातेलं हातात घ्या आणि पंगतीत शिरा. ताटावर हात आडवा धरला की पुरे, बोटं जवळ आणली की थोडंसं. बँडच्या आवाजात कोणालाच काही ऐकू येत नाही. तिथं सारे आपलीच भाषा बोलतात."

मी कितीतरी वेळ ते वाचत बसले. पुढच्याच महिन्यात चुलत दिराच्या मुलीचं लग्न होतं. पदर खोचला, पातेलं घेतलं आणि दीडशे पानं वाढली. एकालाही माझ्याशी ओरडून बोलावं लागलं नाही. त्या दिवशी मी हसले, असं नवरा सांगतो. पुढे कांता आणि मी रोज लिहू लागलो. तिनं व्हिडिओ पाठवून मला हातांची भाषा शिकवली. दर महिन्याला आम्ही गोंदिया स्टेशनवर भेटायचो, बाकावर बसून तास तास हातांनी भांडायचो. अशी मैत्रीण मला कान असतानाही मिळाली नव्हती.

मग काकांच्या किडन्यांनी दगा दिला. मुलानं नागपूरला न्यायचं ठरवलं. बैठकीत काकांनी लिहिलं, "महिन्याभरात बैठक बंद होईल. बालाघाटच्या घरी जागा आहे. ज्यानं त्यानं आपलं खातं आपण घेऊन तिकडं जावं." मी तडक त्यांच्या घरी गेले. म्हटलं, मशीन माझ्याकडे ठेवा. त्यांनी लिहिलं, "चालवाले शिकाचं म्हटलं तर साल लागते. माझ्याजवळ महिना आहे."

लोक एकेक करून जाऊ लागले. मी हट्टानं बसून राहिले. खरं सांगायचं तर घाबरले होते. मिलमधली सगळी माणसं माझी एका दिवसात सुटली होती. आता कांता आणि ही साठेक माणसंही गेली तर पुन्हा तेच, चार भिंती आणि मी. बंद व्हायला तीन दिवस उरले तेव्हा काकाच घरी आले. पाय सुजलेले, चप्पलही नीट घालता येत नव्हती. स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि लिहिलं, "काऊन रुसून राहिलीस वो बाई?"

मी म्हटलं, "तुम्हीच आम्हाला एकत्र आणलं आणि आता तुम्हीच उठवून लावता? घालवायचंच असेल तर माझं खातं तुमच्या हातानं हलवा. मी नाही हात लावणार."

काकांनी मान हलवली आणि लिहिलं, "मले येत नाही ते. कोणालेच येत नाही. तुझी चावी तुझ्याचजवळ. घर माझं होतं, माणसं तुझी आहेत. लिहिलेलं मागं राह्यते, माणसं संग येतेत. दाब."

मी डोळे पुसले आणि फोनवरचं 'खातं हलवा' हे बटण दाबलं. बराच वेळ काही झालं नाही. मग माझ्याशी जोडलेलं एकेक नाव नव्या घरीही माझ्यामागे येऊन उभं राहू लागलं. नागझिऱ्याचा गाइड आला, देवरीचे लोक आले, आणि कांताचं पहिलं वाक्य आलं, "आ गई? चल, चहा ठेव." मी फोन काकांपुढे धरला. त्यांनी वाचलं आणि खर्रा थुंकायला अंगणात गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

शेवटच्या सकाळी मी नवऱ्याबरोबर त्यांना निरोप द्यायला गेले. गाडी दारात उभी, मुलगा घाई करतोय, आणि काका फोनवर; देवरीच्या एका आजोबांना बटण कुठे आहे ते सांगताहेत, असं नवऱ्यानं खुणेनं कळवलं. चांगला अर्धा तास गेला. आजोबा एकदाचे पोचले, तशी काकांनी मशीन बंद केली, कोठीवरची धूळ हातानं पुसली आणि गाडीत बसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. गाडी वळणावर गेली तेव्हा लक्षात आलं की काकांनी स्वतःचं खातं हलवलंच नाही, आणि मशीन बंद झाल्यावर ते हलवता येणार नव्हतं. नवऱ्यानं मेसेज केला. काकांचं उत्तर आलं, "राहू द्या. लाइनमन सर्वात शेवटी उतरते. तब्येत सुधरली का नवीन खातं काढतो."

तब्येत सुधारली नाही. दोन महिन्यांत काका गेले.

त्या दिवशी बालाघाटच्या घरात सगळ्यांनी लिहिलं. मीही लिहिलं, रडत लिहिलं. आम्ही सगळे तिथं आहोत, एकूण एक. कांता माझ्याशी अजून रोज भांडते. मी अधूनमधून काकांचं नाव शोधते. सापडत नाही. त्यांच्या वतीनं ते बटण मला दाबता आलं नसतं, कोणालाच आलं नसतं. आम्हा साठ जणांना पार करून देताना तेवढा एकच माणूस मागे राहिला.